लेकी विरुद्ध सुना

माझ्या धंद्याचं नाव ऐकलं की लोक आधी हसतात. खेळांचा कायदा! "म्हणजे काय गं, पंचानं आऊट दिलं की कोर्टात जायचं?" हे मला अलिबागच्या मासळी बाजारात विचारून झालंय, मुरुडच्या एसटीत विचारून झालंय, आणि सख्ख्या मामानं माझ्याच लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय. पूर्वी मी समजावून सांगायचे. खेळाडूंचे करार असतात, निवडीवरून वाद होतात, उत्तेजकांच्या चाचण्या होतात, बंदी येते, त्या बंदीनं माणूस आयुष्यातून उठतो. ऐकणाऱ्याचं लक्ष तोवर पापलेटांकडे गेलेलं असायचं. आता मी सरळ म्हणते, "हो, तसंच," आणि भाव विचारते.

शिष्यवृत्तीवर लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. परत कशाला आलीस, हा दुसरा ठरलेला प्रश्न. आले, कारण तिथे दिवसभर एका टेबलाशी बसून फुटबॉल क्लबांचे करार वाचावे लागायचे आणि मला बसवत नाही. लहानपणापासून नाही. शाळेत मास्तरांना वाटायचं, ही खेळात नाव काढील. कसलं काय! मला लिंबू-चमच्यातसुद्धा कधी बक्षीस मिळालं नाही. नुसती चुळबूळ. इथे आल्यावर सनद घेतली, अलिबागला कोर्टाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस केलं, राहायला किहीमला. पाटीवर अ‍ॅडव्होकेट लिहिलंय, पण वडिलांनी त्याआधीच मला गावभर 'बॅरिस्टर' करून ठेवलं होतं, ते चिकटलं ते चिकटलंच. रिक्षावालेसुद्धा "या बॅरिस्टरबाई, बसा" म्हणतात. बसा! तेवढंच तर जमत नाही.

कामं कसली येतात म्हणाल, तर खोकल्याचं औषध पिऊन उत्तेजक चाचणीत सापडलेला एक पोहणारा. टेनिस बॉल क्रिकेटमधला एक फलंदाज, ज्यानं एकाच रविवारी दोन संघांना होकार दिला आणि दोन्ही संघांचे लोक त्याच्या आईच्या दारात येऊन उभे राहिले. किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती भरवणारे, ज्यांना परवानगी नेहमी शर्यतीच्या आदल्या दिवशी आठवते. सगळे घाईत. सगळ्यांचं कालच व्हायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. खेळाडूचं वय थांबत नाही, निवड चाचणी थांबत नाही, त्यामुळे आमच्या कामात 'पुढची तारीख' म्हणजे हरणंच. मी रात्रंदिवस कुणाच्या तरी शेवटच्या संधीमागे धावत असते, आणि मग नवरा विचारतो, तुझी ॲसिडिटी का जात नाही.

तर त्या दोघी आल्या तेव्हा मी फोनवर कुणावर तरी ओरडत ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. पुढे सासू, मागे सून. सासू पन्नाशीची, ठसठशीत, नाकात नथ, पायात स्पोर्ट्स शूज. सून तेवीस-चोवीसची, मान खाली. मी फोन ठेवून आधीच सांगून टाकलं, "घरगुती भांडणं मी घेत नाही हं. समोर दुसरे वकील आहेत."

"भांडान न्हाय गो बाय," सासू खुर्ची ओढून बसत म्हणाली. "माझे सुनेवर अन्याव झालाय."

सासू सुनेसाठी वकील करायला आलीय, हे मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत पहिल्यांदा बघत होते.

सून कबड्डी खेळायची. डावा कोपरा. चढाईला आलेलीचा घोटा तिच्या हातात गेला की सुटत नाही, असं जिल्ह्यात तिचं नाव होतं. माहेर पेणकडे, लग्न होऊन उरणजवळच्या एका आगरी गावात आली होती. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी तोंडावर आली होती. राज्याकडून खेळली की खेळाडूंच्या राखीव जागांतून सरकारी नोकरीचा अर्ज करता येतो, आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. आणि नेमकं आत्ता संघटनेनं तिच्यावर वर्षाची बंदी घातली होती. कारण? नोंदणी झालेली खेळाडू असून ती परवानगी नसलेल्या स्पर्धेत खेळली.

"कुठली स्पर्धा?" मी विचारलं.

"स्पर्धा कसली मॅडम," सून पहिल्यांदा बोलली. "जत्रेत खेळले. गावदेवीच्या."

त्यांच्या गावाचा रिवाज असा. चैत्रात गावदेवीची जत्रा भरते, पालखी गावभर फिरते आणि परत देवळाशी आली की बाहेरच थांबते. मग देवळासमोरच्या मैदानात बायकांची कबड्डी होते. एका बाजूला लेकी, म्हणजे गावात जन्मलेल्या आणि लग्न होऊन पनवेल-ठाण्याला गेलेल्या. दुसऱ्या बाजूला सुना, म्हणजे लग्न होऊन गावात आलेल्या. जी बाजू जिंकेल तिचा पालखीला पहिला खांदा, आणि तिच्या खांद्यावरूनच देवी आत जाते. सामना संपेपर्यंत देवी उन्हात उभी. हे कधीपासून चालत आलंय ते कुणाला ठाऊक नाही. सासू स्वतः ऐन उमेदीची सगळी वर्षं सुनांकडून डाव्या कोपऱ्यावर खेळली होती. पूर्वी नऊवारी खोचून खेळायच्या, आता ट्रॅकपँट.

"गुडघा गेला तवा मी बोलले, आता माझा कोपरा माझे सुनेचा," ती म्हणाली. "लग्नात मी हिला पाटल्या घातल्या, पन खरं काय दिलं असंल तर तो कोपरा."

मग अडलं कुठे? अडलं मोबाइलमध्ये. गावातल्या मंडळाच्या पोरांनी त्या वर्षी हौसेनं मोठा बॅनर लावला, सुनेचा फोटो टाकून, त्यावर 'महामुकाबला'. कॉमेंट्रीला माणूस बसवला. सगळा सामना यूट्यूबवर लाइव्ह! त्याच जागेसाठी झगडणारी दुसरी मुलगी असेल, नाहीतर तिचा क्लब असेल, कुणीतरी ती क्लिप उचलून संघटनेकडे धाडली. झालं.

मी पंखा फुल केला आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. डोकं चालायला लागलं की माझे पाय आपोआप चालतात. नियमात 'स्पर्धा' म्हटलंय. जत्रेतला विधी म्हणजे स्पर्धा नव्हे. कुणी दिंडीत फुगडी घातली म्हणून तिच्यावर नृत्याच्या करारभंगाची नोटीस काढाल का? रिवाज आहे, धर्मकार्य आहे, बायकांची हौस आहे. बॅनर लावला तो पोरांनी, हिनं नाही. मला हे इतकं सोपं वाटलं की मी त्या दोघींना तिथेच सांगून टाकलं, "काळजी करू नका. सोडवते." अशी वाक्यं वकिलानं बोलायची नसतात, हे मी ज्युनियर मुलांना दर आठवड्याला शिकवते.

शिस्तपालन समितीपुढे सुनावणी होती. रिवाज काय आहे हे सांगायला साक्षीदार सासूच, दुसरं कोण? सुनावणीच्या आधी मी मुद्दाम त्यांच्या गावी गेले. कंटेनरच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली, मी स्टिअरिंगवर बोटं आपटून आपटून दुखवून घेतली. गाव मिठागरांच्या कडेला आहे. मागे बंदराच्या क्रेन उभ्या. सासूनं ओटीवर सतरंजी टाकली, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आदी खा. मंग कायदा."

मी खाताखाताच सुरुवात केली. "काकी, तुम्हाला विचारतील, हा सामना म्हणजे काय? तुम्ही सांगायचं, देवीचा रिवाज आहे, बायकांची मजा असते. बास."

"मजा?"

"हो. हळदीकुंकवासारखं."

तिनं भाकरी खाली ठेवली. "हलदीकुंकवान कोन कोनाचा घोटा धरतं काय?"

आतून सून खुदकन हसली. मी हसले नाही. "काकी, तिची नोकरी यावर अडलीय. गंमत नाही ही. मी सांगते तेवढंच बोलायचं. पुन्हा सांगा बघू, काय असतं?"

"मजा," सासू म्हणाली. कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून, पण म्हणाली. मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. निघताना तिनं माझ्या गाडीत शेवग्याच्या शेंगांची जुडी टाकली आणि खिडकीपाशी वाकून म्हणाली, "भिऊ नको गो. मी बोलन बरोबर."

भिऊ नको, म्हणे! मी तिला धीर द्यायला गेले होते.

सुनावणी पनवेलला होती, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. संघटनेला स्वतःची जागा नाही. पुढच्या हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा चालू, त्यामुळे दर पाच मिनिटांनी सनई वाजायची आणि दाराच्या फटीतून जिलबीचा वास यायचा. समितीवर तिघे. अध्यक्ष स्वतः जुने चढाईपटू, साठी ओलांडलेले, एक पाय ओढत चालणारे. त्यांच्या काळी मॅट नव्हती, सगळे गुडघे मातीनं खाल्ले. बाकीचे दोघे फायली चाळत बसलेले. सून माझ्या मागे बसून बोटं मोडत होती. कट, कट, कट. एरवी मी कुणालाही म्हटलं असतं, थांबव ते. त्या दिवशी मला वाटलं, मीही मोडावीत.

माझं बोलणं चांगलं झालं. खोटा विनय कशाला करू? नियम वाचून दाखवला, विधी आणि स्पर्धा यातला फरक मांडला, पालखीचं सांगितलं, देवी उन्हात थांबते हे सांगितलं. अध्यक्षांची मान हलायला लागली. उजवीकडच्या सदस्यानं फाइल मिटली. मग मी सासूला उभं केलं.

"काकी, हा सामना म्हणजे काय?"

"देवीचा रिवाज हाय. बायकांची मजा." एका दमात. माझ्याकडे बघितलं, बरोबर ना, अशा डोळ्यांनी. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि अध्यक्ष, भला माणूस, खरंच भला माणूस, त्यांनी सहज म्हणून, चहाचा कप उचलता उचलता विचारलं, "मग काकी, जिंकलं कोण?"

"सुना!"

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिचा चेहरा उजळला. "सुना जिंकल्या! किती वर्सांनी! शेवटची चढाई लेकींची, दोन गुन मागं व्हत्या त्या. त्यांची ती पनवेलची, उंच, ती बोनसला आली. पाय टाकला नि हिनं घोटा धरला. असा!" तिनं वाकून हवेत घोटा धरला. "तर तो पंच बोलतो बोनस! अरं, डोले हायेत का बटनं? तिचा दुसरा पाय जमिनीवर व्हता!"

"मागचा पाय उचललेला नव्हता?" अध्यक्षांनी कप खाली ठेवला.

"न्हाय ना! तेच तर बोलतंय मी!"

"मग बोनस कसा दिला? मागचा पाय हवेत पाहिजे."

"काकी, बसा आता," मी म्हटलं. कोण ऐकतंय! अध्यक्ष उठून टेबलाच्या पुढे आले, पाय ओढत, आणि फरशीच्या रेघेवर बोनस कसा धरतात ते दाखवायला लागले. सासू त्यांना म्हणाली, "इथं न्हाय, तिथं." तिसरा सदस्य म्हणाला, पण अंगाला स्पर्श आधी झाला असेल तर? तिघेही त्या एका पायावर भांडायला लागले. क्षणभर मलाच वाटलं, चला, माणसं आपल्या बाजूची झाली.

तेवढ्यात फाइल मिटलेल्या सदस्यानं ती पुन्हा उघडली. अगदी हळू आवाजात विचारलं, "पंच कोण होता, काकी? गावातलाच?"

"गावातला कशाला?" सासूला ते लागलं. "लायसनवाला! आमी साधा पंच आनत न्हाय. देवीचं काम हाय."

"आणि बक्षीस वगैरे?"

"ढाल! ही एवढी. आनि पालखीला पयला खांदा. तो तर बक्षिसाच्या वर."

"म्हणजे पंच, गुणफलक, बक्षीस, प्रेक्षक," तो लिहीत लिहीत म्हणाला. "मग ही स्पर्धाच झाली की."

अजूनही वाचता आलं असतं. 'छे हो, मजा असते' एवढं म्हटलं असतं तरी. मी डोळ्यांनी खुणावत होते, हातांनी खुणावत होते, जमेल तिथून खुणावत होते.

"मंग?" सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "स्पर्धाच! लुटुपुटीचा खेल वाटला काय तुमाला? देवी वाट बघते तेची!"

पुढच्या हॉलमध्ये सनई सुरू झाली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी तिच्यावर भडकले. पाव्हणेमंडळी अक्षता घेऊन चालली होती, ती वळून बघत होती, पण मला भान नव्हतं. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? एक शब्द! एक शब्द बोलायचा होता!"

"अगो, तो इचारतो कोन जिंकलं. मंग काय, म्हायीत न्हाय बोलू?" ती अजून त्या बोनसच्याच तावात होती. मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. आवाज उतरला. "बोंबललं काय सगलं?"

ती भिंतीला टेकली आणि पदरानं तोंड पुसायला लागली, पुसतच राहिली.

"मॅडम, आईंना ओरडू नका," सून म्हणाली. "त्यांना विचारल्यावर त्या दुसरं काय सांगतील? आमच्या गावात कुणालाही विचारा, कुणीच मजा म्हणणार न्हाय."

मला तेव्हा कळलं, की माझा बचाव कागदावर उत्तम होता आणि त्या गावात एकही माणूस असा नव्हता जो तो तोंडानं बोलू शकला असता. पुजारी असो, मंडळाचा पोरगा असो, लेक असो, सून असो. परक्या माणसापुढे देवीच्या सामन्याला हलकं म्हणायचं? नोकरी गेली तरी चालेल. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं अध्यक्षांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, "बाई, पोरीला घरी बसवायची माझी इच्छा नाही. तिची पकड मी पाहिलीय त्या क्लिपमध्ये. बोनस नव्हताच तो. पण मी हिला तशीच सोडली तर उद्या गावोगाव देवीच्या नावानं स्पर्धा निघतील आणि आमचे खेळाडू त्यात हातपाय मोडून घेतील. तिनं हमी लिहून द्यावी. संघटनेत नोंदणी आहे तोवर परवानगीशिवाय कुठेही खेळणार नाही. जत्रेतसुद्धा नाही. आत्ता लिहून द्या, बंदी आत्ता उठवतो."

मी ते तिथेच उभ्याउभ्या लिहिलं. चांगलं लिहिलं, त्यात एकही भोक ठेवलं नाही, कारण भोक दिसलं असतं तर त्या फाइलवाल्यानं सही घेतलीच नसती. बाहेर येऊन सुनेच्या हातात दिलं.

तिनं सावकाश वाचलं. "म्हणजे जत्रेत न्हाय?"

"नाही."

"कधीपर्यंत?"

"नोंदणी आहे तोवर. म्हणजे तू खेळतेयस तोवर."

"आणि खेळणं सोडल्यावर?"

"मग खेळ की."

"गुडघे गेल्यावर," ती म्हणाली.

माझ्याकडे वेळ नव्हता. आत तिघं माणसं बसली होती, त्यातल्या एकाचं मन कधी फिरेल सांगता येत नव्हतं, जेवणाची वेळ होत आली होती. "अगं, सही कर! वर्षातून एक दिवस गेला तर काय बिघडतं? समोर आख्खं आयुष्य पडलंय. लोक पाय धरतात अशा तडजोडीसाठी!" हे सगळं मी बोलले, आणि यातलं खोटं काहीच नव्हतं.

तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि तिच्या हातात दिलं. "कर. देवीला मी सांगन काय ते."

तिनं सही केली.

पुढचं सगळं सरळ झालं. चाचणीत ती निवडली गेली, राज्याकडून खेळली, अर्ज केला आणि पोलिसात लागली. पेढे घेऊन दोघी आल्या, सासूनं माझी दृष्ट काढली, भर ऑफिसात, ज्युनियर मुलांसमोर. मला इतका आनंद झाला की मी बाजारात, एसटी स्टँडवर, जो भेटेल त्याला सांगत सुटले. आता विचारा म्हणावं, खेळाचा वकील काय करतो! मामाला तर मुद्दाम फोन केला.

यंदा चैत्रात त्यांनी मला जत्रेला बोलावलं. मंडळाला माझा सत्कार करायचा होता, शाल, नारळ. सूनही सुट्टी काढून आली होती. अंगात नवा ड्रेस, केस पोलिसांसारखे घट्ट बांधलेले. गाव तिच्याभोवती गोळा झालं होतं, म्हाताऱ्या तिच्या गालावरून हात फिरवत होत्या, पोरं सेल्फी काढत होती. पालखी आली, देवळाबाहेर थांबली. मैदानाभोवती माणसांची भिंत उभी राहिली, कॉमेंट्रीवाला सुरू झाला, आणि सुना उतरल्या. डाव्या कोपऱ्यावर नवी पोर होती, नुकतीच लग्न होऊन आलेली, हळद अजून गेली नव्हती. हौशी होती बिचारी. पण चढाई आली की ती मागे सरायची, आणि लेकींनी ते पहिल्या दोन चढायांतच हेरलं. मग प्रत्येक चढाई त्याच कोपऱ्यावर.

सून माझ्या शेजारी रेषेबाहेर उभी होती. तिचा पाय जागेवर ठरत नव्हता. समोरून चढाई आली की हिचे खांदे वाकायचे, हात पुढे यायचे, मग ती तेच हात पाठीमागे बांधून घ्यायची. "उतावीळ होऊ नको, येऊ दे तिला," ती पुटपुटत होती. "येऊ दे. आता!" ती पोर पुन्हा चुकली.

"मॅडम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाहेरून ओरडून सांगितलं तर चालतं?"

मी वर पाहिलं. मंडपाच्या खांबाला मोबाइल बांधला होता, लाल ठिपका चालू होता. हमीपत्रात 'कोणत्याही प्रकारे सहभाग' असे शब्द होते. मीच घातलेले. आता तर ती पोलिसात होती, जळणारे आधीपेक्षा जास्त होते.

"नको," मी म्हटलं. "व्हिडिओ चालू आहे."

तिनं मान डोलावली. मग गर्दीतून वाट काढत निघून गेली. सासू पलीकडच्या रेषेवर उभी राहून नव्या पोरीच्या नावानं घसा फोडत होती; तिनं हिला जाताना पाहिलं, आणि पुन्हा सामन्याकडे तोंड फिरवलं.

मला राहवलं नाही. मी तिच्या मागे गेले. ती देवळाच्या मागे, मिठागराच्या बांधावर बसली होती, मैदानाकडे पाठ करून, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. समोर मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवत होत्या. मागून एकदम मोठा गलका उठला.

"लोण चढला," ती म्हणाली. "आपल्यावर."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आजचं राहू दे. नोकरीचं कसं चाललंय सांग. पुढच्या वर्षी अशीच सुट्टी काढून ये, आपण..."

"पुढच्या वर्षी मला सुट्टी न्हाय मिळाली तर बरं होईल, मॅडम."

"असं का म्हणतेस?"

"सुट्टी नसली म्हणजे सांगता येतं," ती म्हणाली, "सुट्टी नव्हती म्हणून न्हाय खेळले."